विदर्भ राज्य नाही, मग संघ कसा?

प्रश्न : हिंगणीहून नागपूरला जाताना बुटीबोरी ओलांडली की जामठ्याचे स्टेडियम लागते. अमेरिकेतला माझा भाचा तिथे ‘मायनर लीग’चे बेसबॉल सामने बघतो. तो म्हणतो, “मामा, आपला विदर्भाचा संघ म्हणजे तसाच.” हे खरे का? आणि विदर्भ राज्यच नाही, तर त्याचा संघ कुठून आला? (एक वाचक, हिंगणी, ता. सेलू)

उत्तर : भाच्याचे निम्मे बरोबर आहे. दोन्हीकडची पोरे वरच्या पायरीवर डोळे लावून खेळतात. फरक आहे तो धन्यात. अमेरिकेत ३० मोठे क्लब आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार, असे १२० धाकटे संघ आहेत. खेळाडूंचा पगार मोठा क्लब देतो. गावच्या संघचालकाकडे उरते ते मैदान, तिकिटे आणि खाण्यापिण्याचे स्टॉल. वरून बोलावणे आले की ऐन हंगामात चांगला खेळाडू बॅग भरून निघतो, मग मागे संघ हरो की जिंको. विदर्भाला असा धनी नाही. संघ विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा, आणि तो उतरतो रणजी करंडक स्वतःच जिंकायला.

आता राज्याचा घोळ. आपल्याकडचा हा भाग पूर्वी मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, क्रिकेटही तिकडच्याच नावाने चाले. १९५६च्या पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो. तिथे मुंबई आणि महाराष्ट्र हे दोन संघ आधीपासून होतेच. विदर्भ त्यांच्यात विरघळला नाही. १९५७-५८पासून वेगळा खेळू लागला. म्हणजे संघ आजच्या महाराष्ट्र राज्याहूनही थोरला! यात नवल नाही, गुजरातेतही गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा असे तीन संघ आहेत.

जामठ्याचे मैदान मात्र अलीकडचे. त्याआधी मोठे सामने नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होत. नोव्हेंबर २००८मध्ये जामठ्याला पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. सौरव गांगुलीची ती शेवटची.

घरच्या फिरकी खेळपट्टीमुळे विदर्भ जिंकतो, असेही पुष्कळांना वाटते. २०१८-१९च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्यातच सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेने ११ बळी घेतले, त्यामुळे संशयाला जागा आहे खरी. पण पहिला करंडक, २०१७-१८चा, इंदूरला दिल्लीकडून हिसकावला आणि त्यात हॅट्ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने, जो वेगवान गोलंदाज. २०२४-२५ला पुन्हा जामठा, समोर केरळ. तो अंतिम सामना तर निकाली निघालाच नाही. असे झाले की पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, त्याचा करंडक. विदर्भाच्या ३७९, केरळच्या ३४२. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८वर झेल देऊन बसला, तिथेच काटा फिरला.

साखळी सामन्यांना सहसा तिकीट लागत नाही. हिवाळ्यात एखादा दिवस काढा, टोपी घ्या. सामना जामठ्याला आहे की सिव्हिल लाइन्सला, एवढे मात्र विचारून निघा.