कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?

अंबाजोगाई

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता मुद्दाम पत्र लिहितोय. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि गिऱ्हाईक आलं की ठेवून देतोस. पत्र काही मध्येच ठेवून देता येत नाही.

परवा लग्नात धारूरचे पाहुणे भेटले. म्हणाले, "तुमच्या भाच्याच्या सीएससी सेंटरसमोर संध्याकाळी पोरांची जत्रा भरते." मला वाटलं, धंदा वाढला. तर म्हणे, "धंदा कसला, वायफाय फुकट आहे ना! रोजचा दीड जीबी संपला की पोरं चहाच्या टपरीवर येऊन बसतात. पासवर्ड अख्ख्या पेठेला पाठ आहे. बोर्डावरचाच मोबाईल नंबर." त्यांनी हे कौतुकानं सांगितलं, पण माझ्या घशाखाली घास उतरेना.

खरं आहे का हे? खोटं असेल तर पाहुण्यांची मी खरडपट्टी काढीन. खरं असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. ते कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?

तू म्हणशील, मामाला काय कळतं, एसटीडी बूथवाला माणूस. मला पोलिसांचं कळतं. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी ज्या ईमेलनं धमकी गेली, तिचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत निघाला. तिथं एक अमेरिकन गृहस्थ राहत होता. त्याचं वायफाय उघडं होतं, कुणीतरी बाहेरून वापरलं. त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी पोलीस पहिले त्याच्याच दारात गेले आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. पुढं ऑगस्टात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वायफाय असंच वापरलं गेलं, सप्टेंबरात चेंबूरच्या एका कंपनीचं. 2009 साली तर मुंबई पोलीस रस्त्यारस्त्यानं फिरून कुणाचं वायफाय उघडं आहे ते शोधत होते. ती मोठी माणसं, मोठ्या संस्था. त्यांच्या पाठीशी वकील होते. आपल्या पाठीशी कोण आहे?

टपरीवरची पोरं अतिरेकी नाहीत, हे मलाही कळतं. पण एखाद्यानं कुण्या मुलीला घाणेरडं काही पाठवलं, खोटं खातं काढून कुणाची बदनामी केली, तर बाहेरून पाहणाऱ्याला त्या पोराचं तोंड दिसत नाही. पत्ता दिसतो तो तुझ्या सेंटरचा.

आणि दुसरं. तुझ्या मशीनमध्ये काय काय पडलंय, याचा कधी विचार केलास? मागच्या खेपेला आलो तेव्हा पाहिलं. स्कॅनरवरून निघालेला प्रत्येक कागद एकाच फोल्डरमध्ये पडत होता, आणि दोन्ही काउंटरवरून प्रिंट काढता यावी म्हणून ते फोल्डर तू बिनपासवर्डचं शेअर करून ठेवलं होतंस. आधार, पासबुक, सातबारा, लाडक्या बहिणींचे कागद, पोरांच्या शिष्यवृत्तीचे दाखले. जो वायफायवर आला, तो चहा पिता पिता ते फोल्डर उघडू शकतो. 2023 ला एक रुपयात पीकविमा निघाला तेव्हा तुझ्या दारात रांगा लागल्या. नंतर बोगस अर्ज सापडले, आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात आलं आणि सीएससी केंद्रांवर कारवाई झाली. तुझ्या केंद्रावर एक बोट उठलं नाही, याचा मला किती अभिमान वाटला होता! तो असा धुळीला मिळवू नकोस.

तुझी ताई हिंजवडीहून आली होती. तिला सगळं विचारून घेतलंय. तिनं सांगितलं तसं लिहितो.

राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड बसवणाऱ्या पोरानं ठेवला तोच असेल, 'अ‍ॅडमिन', 'अ‍ॅडमिन'. तो आधी बदल, नाहीतर कुणीही आत शिरून सगळं फिरवू शकतो. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-3 असेल तर ते, नसेल तर डब्ल्यूपीए-2 ठेव. डब्ल्यूईपी दिसलं तर तो डबा भंगारात दे, त्याचं कुलूप 2001 मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीएस बंद कर. त्याचा पिन आठ आकडी, म्हणून आपण निर्धास्त. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळं दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे 2011 मध्येच उघड झालंय. नेटवर्कचं नाव लपवलंय म्हणून बिनघोर राहू नकोस. तुझाच फोन जोडताना ते नाव हवेत सांगतो. आणि मोबाईल नंबर हा पासवर्डच नव्हे. ताई म्हणाली, तुझ्या वायफायला कुणी जोडलं जात असताना हवेतली ती देवाणघेवाण पकडून घरी नेता येते, मग निवांत एकेक नंबर लावून पाहायचा. चांगल्या मशीनला ते एका दिवसाचंही काम नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घे, लांबलचक.

दोन्ही काउंटर वायरनं जोड आणि फोल्डरला पासवर्ड लाव. गिऱ्हाइकाला द्यायचंच असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळं काढता येतं. पण नीट ऐक. गेस्टनं तुझे कागद वाचतील, नाव वाचणार नाही. बाहेर पत्ता तुझाच दिसेल. म्हणून टपरीवरच्या पोरांना तेही नको.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. "मामा, ओळखीची पोरं आहेत, नाही कसं म्हणू?" हे भिडस्तपण तू माझ्याकडून घेतलंस, म्हणून तर जीव तुटतो. सरकारी दवाखान्यासमोर माझा बूथ होता. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, तेव्हा मेडिकलची पोरं, पेशंटचे नातेवाईक यांची रांग लागायची. एका जिवलग मित्रानं रात्रीपुरती किल्ली मागितली. भिडेपोटी दिली. मग रोजच देत गेलो. बिल आलं तेव्हा तुझ्या आजीच्या पाटल्या मोडल्या. पैशाचं दुःख कधीच विरलं. पण त्यानंतर तो मित्र माझ्या दारावरून मान खाली घालून जायचा, आणि मीही हाक मारली नाही. पहिल्याच रात्री तोंडावर नाही म्हणालो असतो तर चार दिवस रुसला असता आणि आज आम्ही सोबत फिरायला गेलो असतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती मैत्रीचीही वैरीण आहे.

जास्त बोललो. तुझी आई वाचेल आणि म्हणेल, पोराला किती टाकून बोलतो हा. तू वाईट नाहीस रे. म्हाताऱ्यांचे अर्ज तू पैसे न घेता भरतोस, ऊसतोडीला गेलेल्यांचे कागद जपून ठेवतोस, हेही पाहुण्यांनीच सांगितलं. म्हणूनच तो प्रश्न पुन्हा विचारतो. तू सेंटर टाकलंस तेव्हा तुझं आधार अपडेट नव्हतं, आणि कनेक्शन घेतलंस ते तुझ्या आईच्या, आमच्या आक्काच्या नावावर. दाजी गेल्यावर शिलाई मशीन चालवून तिनं तुला शिकवलं. आयुष्यात ती पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही. कुण्या उनाड पोराच्या मेसेजपायी तिच्या दारात शिपाई उभा राहिला, तर ती त्याला आधी पाणी देईल आणि मग रात्रभर झोपणार नाही. मला भीती आहे ती एवढीच.

तेव्हा पत्र वाचून झालं की पासवर्ड बदल. नवा कुणालाच सांगू नकोस, मलाही नाही. पोरं रुसली तर माझं नाव सांग, म्हण मामा खवट आहे. या महिन्यातच कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घे. आणि येळवसला दुकान बंद ठेवून आक्काला घेऊन रानात ये. मामीनं आंबिलासाठी आत्तापासून ज्वारी बाजूला काढून ठेवली आहे.

तुझा,
मामा