अबोला म्हणजे मौन नव्हे (गीता १७.१४ ते १७.१९)



आजचं चिंतन सतराव्या अध्यायातलं. इथे भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. वाणीचं तप म्हणजे समोरच्याला उद्वेग न देणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं, शिवाय स्वाध्याय. त्याच्या पुढच्याच श्लोकात मनाचं तप येतं: प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, आत्मसंयम, भावशुद्धी.

मौन कुठल्या यादीत आहे बघा. वाणीच्या नाही, मनाच्या! गप्प बसणं हे तर तोंडाचं काम. मग ते मनाकडे कसं? आदि शंकराचार्य भाष्यात याचा उलगडा करतात: आधी मन आवरलं जातं, मग वाणी आवरते, म्हणून इथे मौन म्हणजे मनाचाच संयम.

आता हे घेऊन ऑफिसात जाऊ.

उघड भांडणारा सहकारी परवडला. खरा त्रास असतो तो ‘काहीच झालेलं नाही’ असं म्हणणाऱ्याचा. तुमचा पीआर चार दिवस पडून, पण स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर, ‘मला वाटलं त्याला घाई नसेल.’ साध्या मेलला उत्तर देताना मॅनेजर सीसीत. चॅटवर नुसतं ‘ओके.’ (तो पूर्णविराम बरंच बोलून जातो!) नाहीतर ग्रुपवर, ‘काही लोक डॉक्युमेंट न वाचताच विचारतात’, आणि शेवटी स्मायली. आपल्याकडे याला जुनी म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. सासूच्या जागी फक्त चॅट ग्रुप आला.

तोंड बंद आणि आत धुसफूस चालू, हे गीतेच्या हिशेबात मौन नाही. आणि १७.१९ तर अजून कडक आहे. दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून केलेलं तप तामस. मग दुसऱ्याला छळायला धरलेला अबोला कुठे बसतो, ते वेगळं सांगायला नको.

टोमण्याची गंमत अशी की तो बहुतेक वेळा खरा असतो. डॉक्युमेंट खरंच वाचलेलं नसतं. म्हणून बोलणारा म्हणतो, ‘मी खोटं काय बोललो?’ यावरही आचार्यांचं स्पष्टीकरण आहे: उद्वेग न देणं, सत्य, प्रिय, हित हे सगळं एकत्र हवं, एक जरी गळलं तरी ते वाणीचं तप नाही. आपल्या भाषेत, ही अँड कंडिशन आहे, ऑर नाही.

पण ही कसोटी फक्त त्याला लावून चालणार नाही. आपल्या उत्तरालाही तीच. टोमण्याला टोमणा दिला तर आपलीही कंडिशन फेल. आणि हसून सोडून देत आतल्या आत महिनाभर कुढलात, तर भावशुद्धी कुठे राहिली? सहन करणं म्हणजे सात्त्विकपणा, असं आपण फार पटकन धरून चालतो. हित या शब्दात तुमच्या कामाचं हितही येतं.

तर काय करायचं? आधी खात्री. एकदा उशीर झाला तर माणूस कामात असेल. सारखं तुमच्याच बाबतीत होत असेल, तर बोला. ग्रुपवर नाही, एकट्याला गाठून. ‘अरे, दोन मिनिटं बोलू का? तो पीआर सोमवारपासून थांबलाय, रिलीज गुरुवारी आहे. आज जमेल का? नसेल तर मी दुसऱ्या कुणाला विचारतो, काही प्रॉब्लेम नाही.’ यात ‘तू नेहमीच असं करतोस’ नाही. तारीख आहे, काम आहे, आणि शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सिनियरला ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे जड जातं. तोंडावर न म्हणता आलेलं ‘नाही’ मग असं आडवाटेने बाहेर पडतं. त्याला सरळ ‘नाही’ म्हणायची वाट द्या, निम्म्या वेळा आडवाट लागतच नाही.

टोमण्याबद्दलही तसंच. ‘काल ग्रुपवर लिहिलंस ते माझ्याबद्दल होतं का? असेल तर थेट सांग, मला चालेल.’ तो ‘छे छे, जनरल बोललो’ म्हणेल. म्हणू दे. पकडायचं नाहीये, दार उघडं आहे एवढंच कळायला हवं. जे ठरलं ते दोन ओळींत लिहून त्यालाच पाठवा.

आणि चहाच्या टपरीवर? तिथे सोळावा अध्याय आठवा. दैवी गुणांच्या यादीत अपैशुन आहे, म्हणजे पाठीमागे चहाडी न करणं. मॅनेजरकडे जाणं ही चहाडी नव्हे, जर तुम्ही आधी त्याच्याशी बोलला असाल आणि तिथे फक्त घडलेलं सांगत असाल: कुठलं काम, किती दिवस, काय अडलं. ‘त्याचा स्वभावच तसा’ हे वाक्य मात्र घरी ठेवून जा.

एवढं करूनही तो नाहीच बदलला तर? त्यासाठी मुद्दाम १७.१७ बाकी ठेवलाय, फळाची इच्छा न ठेवता केलेलं तप. तो उद्या बघू.