दवाखाना व औषधालय यांची खाती एका संगणकावर

रॅमबॉक्ससारख्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये दवाखान्याचे व्हॉट्सअ‍ॅप, औषधालयाचे फेसबुक पान व टेलिग्राम एकाच खिडकीत उघडतात. प्रत्येक खात्याचे लॉगिन स्वतंत्र राहत असल्याने एकाच सेवेची दोन खातीही शेजारी ठेवता येतात. सोय मोठी, पण आम्ही तिथेच चुकलो. एका मधुमेही रुग्णास लिहिलेला औषधयोग घाईत औषधालयाच्या पानावर प्रसिद्ध झाला. रुग्णाचे नाव उघड झालेच. शिवाय जादूचे उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह असल्याने तो मजकूर जाहिरात म्हणूनही अंगाशी येऊ शकला असता. मजकूर तत्काळ काढला, रुग्णाची क्षमा मागितली. आता रुग्णसंवादाचे खाते आम्ही या अ‍ॅपमध्ये ठेवीत नाही. ते दवाखान्याच्या मोबाइलवरच असते.