जुन्या मोटारीचा क्लच व फ्लायव्हील : दोष शोधण्याची रीत

मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची प्रीमियर पद्मिनी मोटार आतां रस्त्यावर क्वचितच दिसते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, व पुढें तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० ह्या नमुन्याच्या गाड्या तयार होऊं लागल्या. १९७४ पासून त्याच गाडीस पद्मिनी हें नांव मिळालें. सन २००० च्या सुमारास तिची निर्मिति थांबली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली.

तथापि तिची कथा तेथें संपत नाहीं. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें पूर्ण झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी तीमुळें मिळूं शकते. अशा गाडीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें असतात. ती प्रदर्शनांत किंवा फेरींत नेतां येते. रोजच्या वापरास मात्र काढतां येत नाहीं. पहिल्या पद्मिनी गाड्या आतां ह्याच वयास पोंचल्या आहेत. तेव्हां मिरा रोड किंवा भाईंदर येथील एखाद्या इमारतीच्या आवारांत ताडपत्रीखालीं उभी असलेली आजोबांची गाडी पुन्हां चालूं करावी, असा विचार एखाद्या घरांत निघाल्यास नवल नाहीं.

अशा वेळीं पहिली अडचण बहुधा इंजिनाची नसते. इंजिन खटपट करून सुरू होतें, पण गाडी गिअरमध्यें पडत नाहीं, किंवा पडली तर हिसके देते. मग कोणी तरी सांगतो, “गिअरबॉक्स उतरवा, सगळेंच बदलून टाका.” हा सल्ला सोपा आहे, परंतु महाग आहे. कारखाना बंद पडल्यामुळें मूळ भाग आतां तेथून येत नाहींत. जें फ्लायव्हील आज अविचारानें भंगारांत जाईल, त्याच्याबरोबर गाडीचें मूळ स्वरूपही तितकेंच कमी होईल. म्हणून खोलण्यापूर्वीं दोष ओळखणें, हें ह्या पाठाचें सार आहे.

प्रथम हे भाग काय काम करितात तें पाहूं. पद्मिनीच्या इंजिनास चार सिलिंडर आहेत व त्यांचें एकूण आकारमान १०८९ घनसेंटिमीटर आहे. अशा इंजिनांत क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्यास एकदां स्फोटाचा धक्का मिळतो. धक्क्याधक्क्यानें मिळणारी ही गति एकसारखी करण्यासाठीं क्रँकशाफ्टच्या मागच्या टोंकास एक जड लोखंडी चाक घट्ट बसविलेलें असतें, तेंच फ्लायव्हील. कुंभार काठीनें चाकास गति देतो व काठी बाजूस ठेवितो, तरी चाक आपल्या जडपणामुळें फिरतच राहतें. फ्लायव्हीलचें तत्त्व तेंच.

ह्या चाकाच्या गुळगुळीत पाठीवर क्लच प्लेट टेंकलेली असते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचें अस्तर असतें. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरानें तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि इंजिनाची गति गिअरबॉक्सच्या दांड्यास मिळते. पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर रेटतें, दाब उठतो, व प्लेट मोकळी होते. सारा व्यवहार घर्षणाचा आहे.

येथें थोडें गणित करूं. समजा, स्प्रिंगांचा दाब ३०० किलोग्रॅम, घर्षणांक ०.३, प्लेटची सरासरी त्रिज्या ०.०८ मीटर, आणि घर्षणाचीं अंगें दोन. तर क्लच २ × ०.३ × ३०० × ०.०८ = १४.४ किलोग्रॅम-मीटर इतका फिरविण्याचा जोर पेलूं शकेल. आतां अस्तरावर तेल गळलें व घर्षणांक ०.१ वर आला असें धरा. जोर ४.८ वर येतो. इंजिनाचा जोर ७ असेल, तर प्लेट घसरणारच! कोणताही भाग मोडलेला नाहीं, तरी क्लच निकामी झाला. येथें नवी प्लेट बसवून तेलाची गळती तशीच ठेविली, तर कांहीं दिवसांनीं तोच खर्च पुन्हां करावा लागेल.

आतां लक्षणांवरून कारण कसें ओळखावें तें क्रमानें पाहूं.

पहिलें लक्षण : क्लच घसरणें. घोडबंदर मार्गावरील गायमुखच्या चढासारख्या ठिकाणीं इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाहीं, व जळका वास येतो. येथें सर्वांत आधीं पेडल हातानें दाबून पहावें. आरंभीं कांहीं अंतर तें सैल जावें. पुष्कळ गाड्यांत हें अंतर सुमारें दोन ते अडीच सेंटिमीटर असतें, व निश्चित आकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. अस्तर झिजत जातें तसा हा सैलपणा कमी होतो. तो मुळींच नसेल, तर पाय उचलला तरी बेअरिंग बोटांवर दाबलेलेंच राहतें व प्लेटवर पुरा दाब येत नाहीं. कित्येकदां एक नट फिरवून हा दोष दूर होतो. सैलपणा बरोबर असूनही प्लेट घसरत असेल, तरच झिजलेलें अस्तर, थकलेल्या स्प्रिंगा किंवा तेलाची गळती ह्यांचा संशय घ्यावा.

दुसरें लक्षण : क्लच न सुटणें. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरतो, किंवा गाडी पुढें सरकूं पाहते. ह्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालूं ठेवून पेडल दाबावें, कांहीं सेकंद थांबावें, आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा. आवाज झाल्यास प्लेट अजून फिरत आहे असें समजावें. पेडलाचा सैलपणा फार असेल, जोडणीचे सांधे झिजले असतील, प्लेट वांकडी झाली असेल, किंवा क्रँकशाफ्टच्या टोंकांतील पायलट बुश दांड्यास धरून बसला असेल, तर असें होतें.

आपल्या गांवीं ह्याचें आणखी एक कारण विशेष ध्यानांत ठेविलें पाहिजे. मिरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि मध्यें मिठागरांची जमीन. येथील हवा दमट व खारी आहे. दोन-तीन पावसाळे न हललेल्या गाडीची क्लच प्लेट गंजानें फ्लायव्हीलला चिकटून बसते. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागें हटते, पण प्लेट गंजाच्या बंधनानें तेथेंच राहते. असें झाल्यास आंत रॉकेल किंवा तेल मुळींच ओतूं नये. अस्तराचें काय होईल तें वरच्या गणितानें तुम्हांस सांगितलेंच आहे. पेडल दाबून लांकडी टेंकू लावून एक रात्र ठेवावें. दुसऱ्या दिवशीं मोकळ्या सपाट जागीं, इंजिन बंद ठेवून, मोठ्या माणसानें चालकाच्या जागीं बसावें. पेडल दाबलेलेंच ठेवून वरचा गिअर टाकावा, आणि इतरांनीं गाडी पुढें-मागें हलकेच हिसकावी. चाकांबरोबर प्लेट फिरूं पाहते, इंजिन फ्लायव्हीलला अडवून धरतें, व पुष्कळदां गंज सुटतो. क्लच सुटत नसलेली गाडी मुलें खेळत असलेल्या आवारांत सुरू करणें हा मात्र अक्षम्य निष्काळजीपणा होय. गाडी आपोआप पुढें जाईल, आणि ब्रेकही इतकीच वर्षें उभे आहेत हें विसरूं नये.

तिसरें लक्षण : गाडी निघतांना थरथरणें. अस्तरावरील तेल किंवा फ्लायव्हीलच्या पाठीवरील तापलेले कठीण डाग हें ह्याचें कारण असूं शकतें. पण इंजिन ज्यांवर टेंकलेलें असतें तीं रबरें पन्नास वर्षांत विरून गेलेलीं असतात, आणि तींही हुबेहूब असाच थरकाप उत्पन्न करितात. रबरें बाहेरून दिसतात व थोडक्यांत बदलतां येतात. म्हणून आधीं तीं पहावीं, मग गिअरबॉक्सकडे वळावें.

चौथें लक्षण : आवाज. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून ऐकावें. पेडल हलकेंच दाबतांच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग संशयित. पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज आला, तर पायलट बुश. उलट पाय उचललेला असतांना आवाज येतो व पेडल दाबतांच तो थांबतो, असें असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगांत असण्याचा संभव अधिक. इंजिन मंद चालत असतां खोल ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले झाले आहेत कीं काय हें पाहिल्यावांचून गाडी चालवूं नये.

पांचवें लक्षण : स्टार्टर नुसताच घरघरणें. फ्लायव्हीलच्या कडेवर दांतेरी कडें असतें. स्टार्टर त्यास फिरवितो. चार सिलिंडरांचें इंजिन बंद होतांना बहुधा अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावरील दोनच जागीं थांबतें. म्हणून दांतेही त्याच दोन जागीं झिजतात. ह्यासाठीं संपूर्ण फ्लायव्हील टाकण्याचें कारण नाहीं. कडें तेवढें काढून नवें बसवितां येतें. पोलाद दर अंशास सुमारें ०.००००१२ पट प्रसरण पावतें. ३०० मिलिमीटर व्यासाचें कडें २०० अंशांनीं तापविलें, तर व्यास ०.७२ मिलिमीटरनें वाढतो. तेवढ्यांत कडें सहज बसतें, व निवतांच घट्ट आवळतें. बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव चढवितात तो हाच प्रकार. फार तापविल्यास दांत्यांचें पाणी उतरतें, हेंही लक्षांत ठेवावें.

एवढें करूनही गिअरबॉक्स उतरविणें भाग पडलें, तर पुढील नियम पाळावेत. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवितां भक्कम घोड्यांवर ठेवावी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो. ती धूळ फुप्फुसांस घातक आहे, म्हणून फुंकूं नये किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. फ्लायव्हील काढण्यापूर्वीं त्यावर व क्रँकशाफ्टवर खूण करावी, म्हणजे तें पूर्वीच्याच स्थितींत बसेल. तें जड असतें. शेवटचा बोल्ट काढतांना खालीं दुसऱ्याचे हात असावेत, पाय नसावेत!

मग फ्लायव्हीलची पाठ उजेडांत न्याहाळावी. वरवरचा गंज पॉलिश कागदानें जातो. निळसर डाग व उथळ चरे असतील, तर जाणत्या कारागिराकडून पाठ बेताची घासून घ्यावी. पाठीस पायरी असेल, तर दोन्ही पातळ्या सारख्याच घासाव्यात. परंतु खोल भेगा आढळल्यास लोभ धरूं नये. वेगानें फिरणारें भेगाळलेलें चाक फुटलें तर जीव जाऊं शकतो. गाडीचें मूळपण मौल्यवान खरें, पण तें माणसाच्या जिवाहून मोठें नाहीं. क्लच प्लेटचे रिव्हेट अस्तराच्या पृष्ठाशीं आले असतील, तर ती बदलावीच. नवी प्लेट बसवितांना ती मधोमध आणण्यासाठीं जुन्या गिअरबॉक्सचा दांडा उपयोगी पडतो. गिअरबॉक्सचें वजन मात्र प्लेटवर लोंबूं देऊं नये, कारण तेवढ्यानेंही प्लेट वांकते.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी मिस्त्रीजवळ उभी राहून हात काळे करूं लागली, तर अभ्यास बुडाला असें समजूं नये. घर्षण, जडत्व व प्रसरण हे धडे पुस्तकांत एकदां वाचले जातात, आणि गाडीखालीं एकदां दिसले म्हणजे जन्मभर स्मरणांत राहतात. चांगला मिस्त्री पाना उचलण्याआधीं किती प्रश्न विचारतो, हें मुलांनीं अवश्य मोजावें.

अभ्यासासाठीं प्रश्न :

१. वरील उदाहरणांत तेल पुसलें, पण स्प्रिंगांचा दाब ३०० वरून १४० किलोग्रॅमवर आला. घर्षणांक ०.३ असतां क्लच किती जोर पेलील? ७ किलोग्रॅम-मीटर जोराचें इंजिन तो धरून ठेवील काय?

२. पेडलाचा सैलपणा नाहींसा झाला तर क्लच कां घसरतो, आणि फार वाढला तर कां सुटत नाहीं? आकृति काढून सांगा.

३. एका गाडीस निघतांना थरकाप येतो. कोणत्या तीन गोष्टी, कोणत्या क्रमानें, तुम्ही तपासाल? तोच क्रम कां?