क्लाउडवरील दस्तऐवजांची परस्पर जोडणी : एक तक्ता, अनेक अहवाल

पीक संरक्षणाच्या शिफारशी कधीच एका कागदावर राहत नाहीत. गुलाबी बोंड अळीच्या आर्थिक नुकसान पातळीचा तक्ता वार्षिक अहवालात असतो, प्रशिक्षण पुस्तिकेत असतो आणि साप्ताहिक कृषी सल्ल्यातही असतो. कामगंध सापळ्यात प्रति सापळा प्रतिदिन ८ पतंग सलग ३ दिवस, किंवा फुले व हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव, ही नोंद सर्वत्र सारखीच असावी लागते. कीटकनाशकांच्या यादीबाबत तर अधिक दक्षता हवी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एन्डोसल्फानच्या उत्पादन, विक्री व वापरास मनाई केली. अशा वेळी मूळ यादीतून ते नाव वगळले, पण पुस्तिकेच्या जुन्या प्रतीत तसेच राहिले, तर चूक टंकलेखनाची असली तरी तिची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

यावरील उपाय म्हणजे तक्ता एकाच मूळ फाइलमध्ये ठेवणे आणि इतर दस्तऐवजांत त्याची नक्कल न करता जोडणी करणे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. फाइल्स क्लाउडवर गेल्यानंतर मात्र तिच्या वापरात काही नवे अडथळे आले आहेत.

जोडणीचे दोन प्रकार

पहिला प्रकार ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘पेस्ट लिंक’चा. मूळ फाइलमधील तक्ता कॉपी करून या आज्ञेने डकवल्यास अहवालात तक्त्यासोबत मूळ फाइलचा पत्ताही नोंदला जातो. दुसरा प्रकार ‘इन्क्लूडटेक्स्ट’ फील्डचा. मूळ फाइलमधील आवश्यक भागाला बुकमार्क द्यावा. नंतर ‘इन्सर्ट’ टॅबवरील ‘ऑब्जेक्ट’मधून ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ निवडून, ‘रेंज’मध्ये बुकमार्कचे नाव लिहून ‘इन्सर्ट ॲज लिंक’ करावे. संपूर्ण फाइलऐवजी तेवढाच भाग अहवालात येतो. ऑल्ट व एफ ९ या कळा एकत्र दाबल्यास फील्डमागील पत्ता दिसतो.

क्लाउडवर जोडणी का तुटते?

अडचणीचे मूळ या पत्त्यात आहे. वर्ड फाइलचा संपूर्ण मार्ग नोंदवते. वनड्राइव्हचे फोल्डर प्रत्येक संगणकावर त्या वापरकर्त्याच्या नावाखाली असते. समजा, नागपूर, कोइम्बतूर आणि सिरसा येथील तीन सहकारी एकच अहवाल लिहीत आहेत. फोल्डर सामायिक असले तरी तिघांच्या संगणकांवरील मार्ग भिन्न असतात. नागपूरच्या संगणकावर केलेली जोडणी सिरसा येथे मूळ फाइल शोधू शकत नाही. शिवाय तीच फाइल कधी स्थानिक मार्गाने, तर कधी वेब पत्त्याने नोंदली जाते.

तुटलेली जोडणी नेहमीच त्रुटीसंदेश देते असे नाही. कित्येकदा शेवटचा जतन झालेला तक्ता तसाच दिसत राहतो. वाचणाऱ्यास तो अद्ययावत वाटतो, आणि धोका येथेच आहे. दोघांनी इंटरनेटविना एकाच वेळी बदल केल्यास वनड्राइव्ह संगणकाचे नाव जोडलेली दुसरी प्रत तयार करू शकते. जोडणी मात्र पहिल्याच नावाकडे बोट दाखवते आणि दुसऱ्या प्रतीतील दुरुस्ती अहवालापर्यंत पोहोचत नाही.

गुगल डॉक्समध्ये स्थिती वेगळी आहे. तेथे दुवा फाइलच्या मार्गावर नव्हे, तर ओळखक्रमांकावर आधारलेला असतो. त्यामुळे फाइलचे नाव किंवा फोल्डर बदलले तरी दुवा टिकतो. गुगल शीट्समधील तक्ता किंवा आलेख जोडून आणता येतो. मूळ आकडे बदलल्यावर ‘अपडेट’चे बटण दिसते, पण ते दाबावे लागते. फाइलची नवी प्रत काढल्यास तिला नवा ओळखक्रमांक मिळतो आणि जुने दुवे जुन्याच फाइलकडे जातात. दुव्यासोबत परवानगी जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. मूळ फाइल पाहण्याचा अधिकार स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

कार्यपद्धती

१. जोडण्या एकाच संकलकाने, एकाच संगणकावर कराव्यात. केंद्रांनी केवळ आपापल्या मूळ फाइलमध्ये लिहावे.

२. संकलकाने सामायिक फोल्डर ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवावे, म्हणजे मूळ फाइल्स प्रत्यक्ष संगणकावर उपलब्ध राहतात.

३. फाइलच्या नावात ‘अंतिम’ किंवा ‘सुधारित’ असे शब्द जोडू नयेत. नाव स्थिर ठेवावे. जुन्या आवृत्त्या क्लाउडच्या आवृत्ती-इतिहासात पाहता येतात.

४. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्येच करावी. अहवालातील जोडलेल्या मजकुरात केलेला बदल पुढील अद्ययावतीकरणात पुसला जातो.

५. प्रकाशनापूर्वी कंट्रोल व ए, नंतर एफ ९ दाबून सर्व फील्ड अद्ययावत करावीत. शीर्षपट्टी, तळटीपा आणि मजकूर-चौकटी यांतून सुटतात. त्या स्वतंत्रपणे तपासाव्यात.

६. ‘फाइल’ टॅबमधील ‘इन्फो’ पानावर ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ उघडून प्रत्येक जोडणीचा मूळ स्रोत पाहावा. चुकीचा असल्यास ‘चेंज सोर्स’ने बदलावा.

७. वितरणासाठी वेगळी प्रत काढून तीत कंट्रोल, शिफ्ट व एफ ९ यांनी जोडण्या कायमच्या मजकुरात रूपांतरित कराव्यात आणि मग पीडीएफ करावी.

शेवटच्या टप्प्यानंतर एक काम मनुष्याचेच उरते. छापावयाच्या प्रतीतील कीटकनाशकाचे नाव, मात्रा आणि लेबल क्लेम यांची केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या प्रचलित यादीशी ओळीनुसार पडताळणी करावी. जोडणीमुळे सर्व प्रतींत एकच आकडा येतो. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे मूळ तक्ता भरणाऱ्याच्या दक्षतेवरच अवलंबून असते. मूळ तक्त्यात एक चूक राहिली, तर तीही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचते.