तेलाआधी बर्फ

कबड्डीच्या मैदानावर कुणी आडवा झाला की बर्फाच्या आधी तेल पोचतं. मी मंडळाकडून बरीच वर्षं डावा कोपरा सांभाळला, आता पोरांना शिकवतो. ही रीत काही बदललेली नाही. मार लागला की चोळायचं, मुरगळलं की ओढून ‘बसवायचं’. तिची किंमत माझ्या उजव्या मांडीने मोजली आहे.

एका पकडीत चढाईपटूचा गुडघा माझ्या मांडीवर पुढून जोरात बसला. कातडी शाबूत होती, चालताही येत होतं. सगळे म्हणाले, मुका मार आहे. त्याच संध्याकाळी मंडळातल्या एका जाणत्याने कोमट तेल घेऊन अंगठ्याने गाठ मोडायला सुरुवात केली. मी कळवळलो की म्हणायचे, “जरा सोस रे, मोकळं होईल.” रोज हाच कार्यक्रम. गाठ मोडायची सोडून टणक होत गेली आणि गुडघा पुरता वाकेना. काही आठवड्यांनी एक्स-रे काढला, तर स्नायूच्या आत चक्क हाड धरू लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, मुक्या मारात आत रक्त साकळतं. ते ताजं असताना शेकलं, चोळलं तर रक्तस्राव वाढतो आणि कधी कधी त्या जागी हाड तयार होतं. चोळणं बंद झालं, व्यायामाने गुडघा हळूहळू सुटला, पण तो मोसम हातचा गेला.

म्हणून स्नायूला मार बसला किंवा पळताना मांडीत मागे चमक भरली, तर खेळ तिथेच थांबवा. पहिले दोन-तीन दिवस शेक, तेल, मालिश काही नको. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा. क्रेप बँडेज बांधा, झोपताना पाय उशीवर घ्या. मग दुखणार नाही इतपत हालचाल सुरू करा.

घोटा मुरगळला तर दोन गोष्टी पाहा. चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबलं तर दुखतं का? पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. गुडघ्यात ‘कट्’ वाजलं आणि काही तासांतच तो टम्म सुजला, तर आतला अस्थिबंध तुटलेला असू शकतो. अशा गुडघ्याला कुणालाही ओढू देऊ नका.

सगळ्यात फसवं दुखणं मनगटाचं. हात टेकून पडल्यावर अंगठा ताणून पाहा, त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबून दुखलं तर खालचं काजूगराच्या आकाराचं स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं. ही चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून हात बांधून ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासतात. या हाडाला रक्त मुख्यतः एका टोकाकडून मिळतं; चीर पडली की दुसरा तुकडा उपाशी राहू शकतो आणि मग हाड जुळत नाही. आमच्या एका चढाईपटूचं मनगट हाडवैद्याने ओढून, लेप लावून बांधलं होतं. शेवटी शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावा लागला. खांदा निखळला तरी तेच. ओढाताणीत नस दुखावते, हाडाला चीर जाते. हात झोळीत बांधा आणि दवाखाना गाठा.

कातडीचं दुखणं आपण हसण्यावारी नेतो. मातीत कोपर-गुडघे सोलवटतात, मॅटवर घासून भाजल्यासारखी आग होते. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, रुतलेले खडे काढा, स्वच्छ पट्टी लावा. मैदानातली माती वर दाबू नका. जखम मळकी असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा. नखं कापण्याचा नियम पंच तपासतील म्हणून नव्हे, समोरच्याच्या कातडीसाठी पाळा.

परत कधी उतरायचं, हे कर्णधाराने किंवा बक्षिसाच्या रकमेने ठरवायचं नसतं. डॉक्टरांनी होकार दिला तरी आमच्याकडे वर एक चाचणी असते: दुखऱ्या पायावर न कण्हता लंगडी घालता येईपर्यंत चढाई नाही.