खग्रास चंद्रग्रहणाचा फोटो: खर्च किती, वाचवायचा कुठे?

महाराष्ट्रातून स्पर्शापासून मोक्षापर्यंत दिसणारं पुढचं खग्रास चंद्रग्रहण रविवारी, ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. स्पर्श रात्री ८.३७, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो) ९.४६, मध्य १०.२२, उन्मीलन (चंद्र पुन्हा उजळू लागतो) १०.५७, मोक्ष १२.०६. एखादं मिनिट इकडेतिकडे धरा. लाल चंद्रासाठी तुमच्या हातात जेमतेम सव्वा तास आहे. त्याआधी ६ जुलै २०२८ च्या रात्री खंडग्रास आहे, पण ऐन पावसाळ्यात. त्यासाठी आगाऊ पैसे कुठेही भरू नका.

काय घेऊ नये, ते आधी. ग्रहणाचा चष्मा आणि फिल्टर सूर्यासाठी असतात. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं, उघड्या लेन्सने टिपलं तरी काही बिघडत नाही. कोणी 'ग्रहण किट' म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

कॅमेरा तुमचा किंवा मित्राचा धरू. लेन्स ३०० मिमीची तरी हवी; तिनेही सेन्सरवर चंद्र पावणेतीन मिलिमीटरचाच उमटतो. एका रात्रीसाठी ती विकत घेऊ नका. मुंबई-पुण्यात मोठी टेलिफोटो लेन्स दिवसाला साधारण आठशे ते दीड हजारांत भाड्याने मिळते. वर १८ टक्के जीएसटी, घरपोच हवी तर नेण्या-आणण्याचे वेगळे, शिवाय डिपॉझिट. खरी मेख दिवस मोजण्यात आहे. रविवारी दुकान बंद असेल तर लेन्स शनिवारी घ्यावी लागेल आणि परत करायची सोमवारी, १ तारखेला. हे दोन दिवस की तीन, ते आधी लेखी घ्या. थर्टी फर्स्टला मागणी असते, म्हणून बुकिंग महिनाभर आधी करा. ढग आले तर पैसे परत मिळतात का, तेही तेव्हाच विचारा.

कागदपत्रं: आधार, पत्त्याचा पुरावा, बहुतेक ठिकाणी पॅनही. मूळ कार्ड ठेवून घेऊ देऊ नका. मास्क्ड आधारची झेरॉक्स द्या, तिच्यावर आडवं 'फक्त लेन्स भाड्यासाठी' आणि तारीख लिहा. लेन्स ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून बघा: बुरशीचे पांढरे धागे, काचेवरचे ओरखडे, रिंगचा ढिलेपणा. जे दिसेल त्याचा फोटो काढून दुकानदाराला तिथल्या तिथे पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण डिपॉझिट यावरच वाचतं.

खर्च करायचाच तर ट्रायपॉडवर करा. अडीच-तीन हजारांखालचे बहुतेक मोठ्या लेन्सच्या वजनाने हळूहळू खाली झुकतात. त्यातही मध्याच्या वेळी चंद्र पूर्वेला बराच वर असेल, म्हणून हेड तितकं वर वळतं का ते दुकानातच पाहा. रिमोट नको, दोन सेकंदांचा टायमर पुरतो.

जागेला खर्च नाही. गडावर किंवा गावाबाहेर जायची गरज नाही. पूर्व आणि माथ्यावरचं आकाश मोकळं असलेली गच्ची बस झाली. सोसायटीच्या गच्चीची किल्ली मात्र आदल्या दिवशीच मागून ठेवा, त्या रात्री तिथे पार्टी असू शकते.

फोकस स्पर्शाआधी, चंद्र लख्ख असताना हाताने करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. लाल अंधारात तो जमवणं फार कठीण जातं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद. सुरुवातीला आयएसओ १००, एफ ८, सेकंदाचा १/१२५ भाग. खग्रासात आयएसओ ३२००, एफ ५.६, अर्धा सेकंद. ३०० मिमीला एक सेकंदाच्या वर गेलात की चंद्र सरकलेला दिसतो. मधल्या काळात उजळ भाग आणि सावली एकाच फोटोत नीट येत नाहीत, दोन्हींचे वेगळे काढा. हा सगळा सराव कुठल्याही पौर्णिमेला फुकट होतो. जास्तीची बॅटरी जवळ असू द्या, साडेतीन तासांचा मामला आहे.

फक्त मोबाइल असेल तर शे-पाचशेचा होल्डर घ्या आणि 'मून मोड' बंद करून प्रो मोड वापरा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ आकाशदर्शन ठेवतंय का, याची डिसेंबरात चौकशी करा. दुर्बिणीच्या आयपीसला मोबाइल लावून मिळालेला फोटो महागड्या लेन्सच्या तोडीचा येऊ शकतो.

सोमवारी लेन्स दिलीत की तपासणी तुमच्यासमोरच करायला लावा. डिपॉझिट खात्यात जमा झाल्याशिवाय पावती हातातून सोडू नका.